अबोलीला बी धरत नाही आणि पाने पिवळी पडत आहेत

प्रश्न – माहेरवाशीण

माझे माहेर वेंगुर्ल्याचे. तिथे पायरीच्या कडेला अबोली आपोआप उगवत असे. वाळलेला तुरा पाण्याच्या तांब्यात बुडवला की थोड्या वेळाने शेंगा टचकन फुटत आणि बिया पडवीच्या भिंतीवर आदळत. आता सोलापुरात रोपवाटिकेतून आणलेली सहा रोपे दोन वर्षे लावली आहेत. फुले मोठी आणि गडद केशरी येतात, मात्र एकाही तुऱ्यात बी धरलेले नाही. शिवाय या उन्हाळ्यात कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, आणि एक रोप पाणी असूनही माना टाकून सुकले. बोअरचे पाणी घालते. नेमके काय चुकत असेल?

उत्तर – रानफूल

बी न धरण्यात तुमची काहीही चूक नाही. वर्णनावरून आपल्याकडे ‘दिल्ली’ नावाने विकली जाणारी जात असावी. तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ती वंध्य असते, आणि म्हणून तिची वाढ केवळ छाट कलमांनीच करतात. माहेरची अबोली साधी, बीज धरणारी होती. तिच्या एका शेंगेत सहसा चार बिया असतात आणि शेंग ओलावा लागल्यावरच उकलते, म्हणजे रुजण्याजोगी ओल असतानाच बी जमिनीवर पडते. ही मला या झाडाची सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. अबोली अडुळसा आणि कोरांटी यांच्याच कुळातली आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचे मूळ प्रदेश. त्यामुळे सोलापूरचे कोरडे कडक ऊन तिला जाचते. दुपारची सावली द्यावी.

कलमांसाठी फार कोवळ्या नसलेल्या फांदीचे चार बोटे लांबीचे तुकडे घ्या, खालची पाने काढा आणि सावलीत ओलसर वाळूत लावा. पुढे रोपे जमिनीत लावताना दोन रोपांत एक फूट आणि दोन ओळींत दोन फूट अंतर ठेवावे.

उत्तर – काळी माती

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही कोवळ्या पानांतच, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. चुनखडीच्या जमिनीत आणि क्षारयुक्त पाण्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा द्या. शक्य तितके पावसाचे पाणी साठवून वापरा, आणि मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळा. सुकलेल्या रोपाचा प्रकार मात्र वेगळा दिसतो. ते उपटून मुळे धुऊन पाहावीत.

माहेरवाशीण

पाहिली. तंतुमुळांवर मोहरीएवढ्या गाठी आहेत, आणि खोड तळाशी चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसते.

उत्तर – काळी माती

मग मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले अतिसूक्ष्म कृमी, आहेत, आणि त्यांनी केलेल्या जखमांतून मर रोगाची बुरशी आत शिरली असावी. अबोलीच्या बागा बहुधा याच जोडीमुळे उजाड होतात. ते रोप मुळांसकट काढून जाळा, कंपोस्टमध्ये टाकू नका. त्या जागी पुन्हा अबोली लावू नये. तिथे एक हंगाम झेंडू घ्यावा. उरलेल्या पाच रोपांना निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेले शेणखत द्या, आणि पाणी साचू देऊ नका.

उत्तर – वळेसर

मी गोव्याची आहे, म्हणून फुलांविषयी लिहिते. अबोलीला सुगंध नसतो, पण खुडल्यावरही ती दिवसभर टवटवीत राहते, आणि केसांत माळायला याहून हलके फूल नाही. तुरा खालून वर फुलत जातो, म्हणून एकाच तुऱ्यावर बरेच दिवस फुले मिळतात. एक दिवसाआड भल्या पहाटे वेचावीत. आमच्याकडे हिच्या फाती, म्हणजे केसांत माळायच्या माळा, ओवतात; तळकोकणात त्यांना वळेसर म्हणतात. केळीच्या सोपटाचा धागा ओला करून त्यात फुले गुंफली, तर ती दोऱ्यातल्यापेक्षा जास्त वेळ ताजी राहतात. माहेरच्या अबोलीचे वाळलेले दोन तुरे कागदात गुंडाळून आणा. ओले मात्र होऊ देऊ नका, नाहीतर प्रवासातच शेंगा फुटतील.