मदत हवी आहे: पंचायत म्हणते फाईल सापडत नाही

नमस्कार मंडळी. आमच्या पेडणे तालुक्यातल्या गावात डोंगर कापून एका घराचं बांधकाम चाललंय. बांधकाम परवान्याची फाईल पाहायला मी माहिती हक्काखाली पंचायतीकडे अर्ज केला. ३० दिवसांची मुदत संपता संपता सचिवांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'फाईल सापडत नाही.' (त्याच घराची घरपट्टी मात्र बरोबर सापडते!)

२००५ च्या कायद्यात माहिती नाकारायची कारणं कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत, त्यांत 'सापडत नाही' कुठेच नाही. गोव्यात तर १९९७ पासून स्वतःचा माहिती हक्क कायदा होता, तरी ही तऱ्हा.

गटविकास अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करणारच आहे, त्यालाही ३० दिवसांचीच मुदत. प्रश्न असा, की अपिलात हरवलेल्या फाईलची चौकशी आणि पोलीस तक्रार दोन्ही मागता येतात का? कलम १८ खाली थेट माहिती आयोगाकडे तक्रार केली तर दंड होऊ शकतो, पण कागद हातात येत नाहीत असं वाचलंय. मला कागदच हवेत. परवान्याची प्रत नगर नियोजन खात्याकडून मिळवलेली कोणी आहे का? अर्जात नेमकं काय लिहिलंत?