खुन सा क्रांतिवीर? कुठल्या हिशेबाने?

आडवातिडवा:
काल इथे कुणीतरी लिहिलं की ब्रह्मदेशातला अफू-हेरॉइनचा बडा व्यापारी खुन सा हा शान जनतेचा (तिथल्या डोंगराळ भागातले लोक) क्रांतिवीर, अमेरिकेने त्याला उगाच बदनाम केलं. वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा. १९६३ साली ब्रह्मी लष्करानेच त्याला 'का क्वे ये' पथक, म्हणजे सरकारधार्जिणी स्थानिक सशस्त्र टोळी, काढून दिलं. काम काय, तर बंडखोर शानांशी लढायचं. बदल्यात सरकारी रस्त्यावरून अफू न्यायला मोकळीक. १९६७ ला अफूचा तांडा लाओसात नेला, तिथे कुओमिंतांगच्या, म्हणजे माओकडून हरलेल्या चिनी राष्ट्रवादी पक्षाच्या, उरल्यासुरल्या सैनिकांशी जुंपली. लाओसच्या सेनापतीने दोघांवरही बॉम्ब टाकले आणि माल स्वतः ढापला! १९६९ ला अटक. १९७३ ला याच्या माणसांनी दोन रशियन डॉक्टर पळवले, पुढच्या वर्षी साहेब बाहेर. शानांचं स्वातंत्र्य आठवलं ते त्यानंतर.

रानवारा:
शान आणि इतर डोंगरी लोक ब्रह्मदेशात सामील झाले तो १९४७ चा पांगलाँग करार विसरलात वाटतं. दहा वर्षांनी फुटून निघायचा हक्क घटनेत लिहून दिला होता, १९६२ ला लष्करशहा ने विनने सगळंच गुंडाळलं. डोंगरातल्या शेतकऱ्याने काय विकायचं? भाजी खेचरावरच सडते, अफू सडत नाही. हो मोंगला, आपल्या मुख्य तळावर, खुन साने शाळा काढल्या, इस्पितळ काढलं.

गिरणगावकर:
कुणाच्या पैशातून हो? ८२ च्या संपानंतर आमच्या चाळीत गर्द शिरली. चुलतभाऊ जिन्याखाली पन्नी आणि नळी घेऊन बसायचा. आधी स्टोव्ह विकला, मग काकूची तांब्याची कळशी. गर्दुल्ल्याच्या घरी राहून बघा, मग शाळा मोजा.

रानवारा:
वाईट वाटलं. पण मुंबईतली गर्द मुख्यतः अफगाणिस्तान-पाकिस्तानकडची. पत्ता चुकला तुमचा.

गिरणगावकर:
काकूला कळवतो, पत्ता चुकला म्हणून.

रानवारा:
चिडू नका. माळव्याची अफू आपल्याच बंदरातून चीनला जायची. जमशेटजी जीजीभॉय त्यातही गब्बर झाले, त्यांच्याच देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. तिथे केसपेपर काढताना विचारता का, पैसा कुणाचा?

गिरणगावकर:
माझा जन्मच जे. जे.चा. घ्या, एक गुण तुम्हाला. खूश?

आडवातिडवा:
अहो, जमशेटजी कुठून आले मध्येच? शेवट बघा ना. चिनी वंशाच्या अधिकाऱ्यांचंच चालतं म्हणून १९९५ ला त्याचे शान अधिकारी फुटले. जानेवारी १९९६ ला गडी ब्रह्मी सरकारला शरण. अमेरिकेचं वीस लाख डॉलरचं बक्षीस तसंच राहिलं, सरकारने त्याला सोपवलंच नाही. २००७ पर्यंत रंगूनमध्ये आरामात जगला. ज्यांच्याशी लढतो म्हणायचा त्यांच्याच पदराखाली!

रानवारा:
शरण जायला नको होतं, एवढंच मान्य. क्रांतिवीर शब्दही मागे घेतो, नाहीतर तुम्हाला झोप लागायची नाही.

पेणवाली:
बाकी चालू द्या. गिरणगावकर, कळशीचं काय झालं?

गिरणगावकर:
चोरबाजारात मिळाली, ताई. काठावर काकूचं नाव कोरलेलं होतं. दुकानदार म्हणाला, नावाचे पैसे वेगळे.