फियाट ११०० डिलाइट (१९६५): मूळ इंजिन नीट बांधून देणारा माणूस कुठे शोधावा?

सातारची_डिलाइट

नमस्कार मंडळी. बाबांची १९६५ची फियाट ११०० डिलाइट आता माझ्याकडे आहे. त्यांनी ती १९७८ साली मिरजेच्या एका डॉक्टरांकडून घेतली होती. माझी पाठवणीही तिच्यातूनच झाली. पत्रा, रंग, गाद्या हे सगळं तीन वर्षांत हळूहळू मार्गी लागलं. घोडं अडलंय ते इंजिनावर.

अडीच वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांचं काम करणाऱ्या एका गॅरेजला इंजिन दिलं. सात महिने लागले, बहात्तर हजार गेले. "ताई, इंजिन एकदम नवं करून दिलंय" म्हणाले. मी रनिंग काढताना, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला हळू चालवून रुळवताना, पन्नासच्या वर गेले नाही, चढाला कधी ताणली नाही. तरी नऊशे किलोमीटरच्या आसपास निळा धूर सुरू झाला, आणि इंजिन तापलं की सिग्नलला उभं असताना ऑइलचा लाल दिवा मिणमिणायला लागला.

पोवई नाक्याजवळच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी ऑइल चेंबर उतरवला. पंपाच्या जाळीत लाल सिलिकॉनच्या गाठी अडकल्या होत्या. मी त्या चिमट्याने काढून वाटीत ठेवल्या, चौदा भरल्या. पॅकिंगच्या जागी सिलिकॉन थापलं होतं, तेच आत गळून पडलं होतं. हेड काढल्यावर तर जीवच गेला. दोन पिस्टन एका कंपनीचे, दोन दुसऱ्या कंपनीचे. सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख अडकेल अशी जुनी कड तशीच होती. म्हणजे बोअरिंग (सिलिंडरचं भोक कापून पुन्हा गोल करणं) झालंच नव्हतं, झिजलेल्या ब्लॉकला नुसता होन (घासायचा दगड) फिरवून नव्या रिंगा घातल्या होत्या. बिलात मात्र बोअरिंग लिहिलंय.

आता जो तो सांगतो, मारुतीचं इंजिन बसव आणि मोकळी हो. ते मला करायचं नाही. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर आजही एकच आहे, आणि तो तसाच राहावा ही माझी इच्छा आहे. असं काम मनापासून करणारी माणसं अजून कुठे आहेत? आणि मुख्य म्हणजे, काम देण्याआधी ती ओळखायची कशी? एकदा फसले, पुन्हा तीच चूक करायची नाही.

काळीपिवळी_परळ

ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्या वडिलांनी बावीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवली, त्यामुळे हे इंजिन मी लहानपणापासून उघडलेलं बघतोय. तुमच्या डिलाइटचं आणि पद्मिनीचं इंजिन एकाच घराण्यातलं, १०८९ सीसीचं. त्यामुळे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. या इंजिनावर हात बसलेली माणसं मुंबईत शेकड्यांनी होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली आणि मिस्त्री पांगले. कुणी गावी गेलं, कुणी मुलाच्या दुकानात बसतं. इंटरनेटवर ते सापडणार नाहीत. जुने टॅक्सीमालक आणि ऑपेरा हाउसचे, पुण्यात नाना पेठेचे जुने स्पेअरवाले, यांना विचारा. गिऱ्हाइकाला कोणता मिस्त्री काय सामान घ्यायला पाठवतो हे काउंटरवरच्या माणसाला बरोबर माहीत असतं. जो फक्त रिंगा मागवतो तो कोण, आणि पिस्टनसोबत बेअरिंग, गाइड, पूर्ण पॅकिंग सेट मागवतो तो कोण, हे तो तोंडपाठ सांगेल.

एक मात्र खरं सांगतो. टॅक्सीवाल्या मिस्त्रींचा कान जबरदस्त. आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. पण टॅक्सी उद्या सकाळी धंद्यावर लागायची असायची, त्यामुळे क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला) पॉलिश पेपर मारून पुढे ढकलायची सवयही तिथलीच. त्यांच्याकडून इंजिन बांधून घ्या, टायमिंग-ट्यूनिंग करून घ्या. बोअरिंग, ग्राइंडिंग असं मशीनचं काम दुसरीकडे करा.

रोज चालवायची असेल तर भंगारातलं पद्मिनीचं चांगलं इंजिन घालून मूळ ब्लॉक घरी जपून ठेवणं हाही मार्ग आहे. तसं केलंत तर आरटीओत नोंद बदलायला विसरू नका. पण पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी (२०२१चा नियम, फी २०,००० रुपये) कधी करायची असेल, तर गाडी मूळ रूपात हवी, इंजिन-चासीत मोठा फेरफार चालत नाही. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

उद्यमनगर_बोअरिंग

ताई, कोल्हापुरातून लिहितोय. शिवाजी उद्यमनगरात एकेचाळीस वर्षं बोअरिंग मशीनवर काढली. वर परळच्या भावांनी सांगितलं ते सोळा आणे खरं, इंजिन बांधणारा वेगळा आणि मशीनवाला वेगळा. एकाच छपराखाली दोन्ही चांगले मिळणं कठीण. म्हणून "इंजिन कोण करेल" असं विचारत फिरू नका. मशीन शॉप आधी शोधा.

दुकानात गेल्यावर भाव विचारू नका. ब्लॉक पुढ्यात ठेवा आणि तो माणूस काय करतो ते बघा. हाताने चाचपून "चाळीस साइझला जाईल" (म्हणजे भोक तेवढं मोठं करून मोठा, ओव्हरसाइझ पिस्टन घालावा लागेल) म्हणाला तर ब्लॉक उचला आणि निघा. काम येणारा माणूस आधी भोक पुसेल, बोअर गेज काढेल आणि प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर, दर उंचीला दोन दिशांनी मापेल. चार सिलिंडरची चोवीस मापं झाली. ती कागदावर लिहून मागा. तुमच्या इंजिनाचं मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या जागी सापडते, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटतो तिथे. तुमच्या नखाला लागली ती कड म्हणजे रिंग जिथवर पोचतच नाही तो न झिजलेला भाग. तिच्याखालचं भोक लंबगोल झालेलं असतं. नवी गोल रिंग तिथे कशी बसणार? धूर येणारच होता.

दुसरी खूण. चांगला माणूस म्हणेल, "पिस्टन आणा, मग बोअर करतो." आधी बोअर आणि मग बाजारात मिळेल तो पिस्टन, ही उलटी गंगा. पिस्टन हातात घेऊन मायक्रोमीटरने मापायचा, डब्यावर लिहिलेला क्लिअरन्स त्यात मिळवायचा आणि तेवढंच भोक करायचं. चारही पिस्टन एकाच सेटचे हवेत, आणि वजनकाट्यावर ठेवून बघायचे. कनेक्टिंग रॉडचंही तसंच.

आता नंबराचं. ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइझच्या पुढे गेला असेल तरी टाकून देऊ नका. भोकात कोरडी स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, दाबून बसवायची आणि परत ६८ला आणायचं. ब्लॉक तोच, नंबर तोच. पण स्लीव्ह बसवल्यावर तिच्या वरच्या कडेसकट ब्लॉकचं तोंड सपाट आहे का ते बघितलंच पाहिजे, नाहीतर हेड पॅकिंग टिकत नाही. ग्राइंडिंगवाल्याला नंबराची जागा खडूने गोल करून दाखवा आणि तिचे फोटो काढून ठेवा.

क्रँकला या इंजिनात तीनच मेन बेअरिंग. ग्राइंड करताना जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई तशीच ठेवायची. घाईत कोपरा काटकोन करतात आणि क्रँक तिथूनच तुटतो. ऑइलच्या भोकांच्या कडा मारायच्या. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे डाट (बुचं) काढून आतून साफ करायचे, हे तर दहातले नऊ जण करत नाहीत. तुमच्या जाळीत चौदा गाठी सापडल्या, पण वाटेत अजून किती असतील कोण जाणे.

हेड ॲल्युमिनियमचं आहे. दरवेळी घासून पातळ करत त्याचा जीव घेतात. आधी सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून वाकलंय का ते बघायचं, हवा भरून गरम पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, आणि गरज असेल तेवढंच फेसिंग.

शेवटची खूण सोपी. होनिंग झाल्यावर गरम पाणी, साबण आणि ब्रशने सिलिंडर धुवायचे. नुसतं केरोसीन चालत नाही, होनचा बारीक चुरा त्याने हटत नाही. मग पांढरं धोतराचं फडकं ऑइलमध्ये बुडवून आत फिरवायचं. राखाडी आलं तर परत धुवायचं. ते पांढरंच बाहेर येईपर्यंत मी पोरांना रिंगांना हात लावू देत नाही. दुकानात जाल तेव्हा म्हणा, "मला फडकं दाखवा."

तोरिनोहून_पुणेकर

नोकरीनिमित्त सहा वर्षं तोरिनोत आहे, फियाटच्याच गावी. इथे फक्त इंजिनाचं मशीनकाम करणाऱ्या दुकानांना 'रेत्तीफिका' म्हणतात आणि जुनी माणसं अजून ११००ची कामं घेतात. उद्यमनगरचे काका म्हणतात तीच पद्धत, आधी मापांचा कागद, मग भाव. ताई, ११००चे पॅकिंग सेट इथे जुन्या सामानाच्या बाजारात मिळतात. मिलानजवळ नोवेग्रोला असा बाजार भरतो. डिसेंबरात पुण्याला येतोय, तुमच्यासाठी एक सेट घेऊन येऊ शकतो. फक्त जुन्या पॅकिंगचा फोटो शेजारी पट्टी ठेवून पाठवा, भारतातल्या आणि इथल्या भागांत कुठे फरक निघाला तर आधीच कळेल.

सातारची_डिलाइट

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. परळच्या दादा, दुसरं इंजिन घालायला मन होत नाही. बाबा दर रविवारी बोनेट उघडून हेच इंजिन पुसायचे. नाना पेठेत मात्र या आठवड्यातच जाऊन विचारते. तोरिनोच्या दादा, फोटो उद्याच पाठवते.

काका, ब्लॉक तुमच्याकडेच आणला तर चालेल का? शनिवारी भाच्याचा टेम्पो कोल्हापूरला येतोय. मापं घेताना मला समोर बसायचंय, तेवढी परवानगी द्या.

उद्यमनगर_बोअरिंग

या की ताई, स्टूल ठेवतो. फक्त एक करा, मेन बेअरिंगच्या कॅपा ब्लॉकवर ज्या त्या जागी आवळूनच आणा. त्या त्याच ब्लॉकसोबत मापून कापलेल्या असतात. अदलाबदल झाली तर क्रँक फिरणार नाही. कनेक्टिंग रॉडच्या कॅपांचंही तसंच. क्रँक आडवा टाकू नका, उभा बांधा, वाटेत खड्डे फार आहेत. आणि ती चौदा गाठींची वाटी सोबत घेऊन या. माझ्याकडच्या पोरांना दाखवायची आहे.