ईमेलचा प्रोग्राम सारखा बंद पडतो तेव्हा आपण काय केले? (अनुभव धागा)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग कारखान्याचा पत्रव्यवहार मी सांभाळतो. दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की गाठींच्या प्रतवारीचे अहवाल आणि बिले थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये येतात, आणि ऐन त्याच दिवसांत हा प्रोग्राम उघडल्यावर दहा-पंधरा सेकंदांत आपोआप मिटू लागला. मी तो दोनदा काढून पुन्हा टाकला, तरी काही फरक पडला नाही. प्रोग्राम काढला तरी आपली पत्रे, खाती आणि सेटिंग ज्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असतात तो संगणकावर जसाच्या तसा राहतो आणि माझा बिघाड तिथेच होता, हे मला फार उशिरा उमगले.

शिफ्ट की दाबून धरून थंडरबर्ड सुरू केला की ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडलेली जादा साधने, बंद ठेवून तो उघडता येतो. तसे केल्यावरही तो मिटला, तेव्हा ॲड-ऑनवरचा संशय फिटला. मग प्रोग्राम पूर्ण बंद करून प्रोफाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला गेलो, तर इनबॉक्सची फाइल जाईना, कारण पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा होता आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि नावाच्या शेवटी ‘एमएसएफ’ लागलेली इनबॉक्सच्या अनुक्रमणिकेची फाइल तेवढी पुसली. त्याच नावाची, शेवटी काहीही न लागलेली फाइल म्हणजे आपली पत्रे. तिला हात लावू नये. पुढच्या वेळी प्रोग्रामने नवी अनुक्रमणिका तयार केली आणि तेव्हापासून तो मिटलेला नाही.

आपल्या भागातल्या वाचकांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

एका शाळेतील लिपिक, आर्णी तालुका

पत्रे पुसली की जागा मोकळी होते, असे मी वर्षानुवर्षे समजत होतो. प्रत्यक्षात फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत पुसलेली पत्रेही फाइलमध्येच पडून असतात. हे कळल्यावर मी कॉम्पॅक्ट सुरू केले आणि मध्येच लाईन गेली. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली होती. त्यानंतर थंडरबर्ड उघडे, पण इनबॉक्सवर क्लिक करताच बंद पडे. सुदैवाने खाते पीओपी पद्धतीचे, म्हणजे पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घेणारे, असूनही पत्रे सर्व्हरवर ठेवण्याची खूण मी केलेली होती. तरीही बिघडलेली इनबॉक्स बाजूला काढल्यावर जुनी पत्रे पुन्हा उतरेनात, कारण कोणती पत्रे आधी उतरवली आहेत याची नोंद पॉपस्टेट नावाच्या फाइलमध्ये असते. ती फाइलही बाजूला ठेवल्यावर सगळी पत्रे रात्रभर उतरत राहिली. आता कॉम्पॅक्ट मी लॅपटॉपवरच, बॅटरी भरलेली पाहून करतो.

संगणक दुरुस्तीचे दुकान, रिसोड

ग्राहक ईमेलचा दोष सांगतात, पण ब्राउझर आणि एक्सेलही अधूनमधून बंद पडत असतील तर मी आधी विंडोजची मेमरी चाचणी लावतो. उन्हाळ्यात धुळीने पंखा जाम झालेले संगणकही पुष्कळ येतात.

शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेबनीस, वरूड

आमच्याकडे आउटलुक आहे. संत्र्याच्या मृग बहराच्या हंगामात व्यापाऱ्यांची पत्रे उघडताना तो बंद पडू लागला. कंट्रोल की दाबून धरून त्याच्या चिन्हावर क्लिक केले की सेफ मोडमध्ये, म्हणजे ॲड-इन या वरून जोडलेल्या साधनांशिवाय, उघडायचे का, असे तो विचारतो. तसा उघडल्यावर तो तासभर नीट चालला, म्हणून एकेक ॲड-इन बंद करत गेलो आणि पीडीएफसाठी टाकलेल्या एका जुन्या ॲड-इनवर येऊन थांबलो. मात्र तोवर वारंवार बंद पडून आउटलुकची पत्रे साठवणारी पीएसटी फाइलही बिघडली होती. मूळ फाइलची प्रत ठेवून स्कॅनपीएसटी हे आउटलुकसोबतच येणारे साधन चालवले. पहिल्या वेळी चुका दाखवून दुरुस्ती झाली, दुसऱ्यांदा चालवल्यावर आणखी थोड्या निघाल्या, तिसऱ्यांदा एकही निघाली नाही. जी पत्रे आपल्या जागी बसली नाहीत ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये सापडली, आणि त्यांत नागपूरच्या एका खरेदीदाराची तीन बिले होती.