अडचण चिपची नाही, खेळांची आहे

मोबाइलची चिप कमी ताकदीची असल्यामुळे स्वस्त कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायची यंत्रे, फसतात, हे मत मला पटत नाही. २०१७ साली आलेला निन्टेन्डो स्विच हा कन्सोल एनव्हिडिया कंपनीच्या टेग्रा एक्स१ या मोबाइल चिपवरच चालतो, तरी तो फसला नाही. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर सुमारे ८६ लाख डॉलर जमवणारा, टेग्रा ३ चिपवर चालणारा ९९ डॉलरांचा औया हा कन्सोल बुडाला तो वेगळ्या कारणांनी. त्याच्या सुरुवातीच्या कंट्रोलरची बटणे वरच्या पट्टीखाली अडकून बसत, हे तर झालेच. पण त्यावरचे बरेचसे खेळ फोनवरही मिळत असताना निराळे यंत्र कोणी का घ्यावे? शिवाय २०१९ मध्ये त्याची सेवा बंद झाल्यावर, खरेदीची ऑनलाइन पडताळणी करणारे विकत घेतलेले खेळही चालेनासे झाले, आणि हा ग्राहकांवरचा अन्याय मला सर्वांत गंभीर वाटतो.

आज पुण्यात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून अँड्रॉइड टीव्ही बॉक्स आणि ब्लूटूथ कंट्रोलर आणला की घरच्या टीव्हीवर फोनवरचे असे खेळ सहज खेळता येतात. त्यामुळे नव्या कन्सोलला केवळ स्वस्ताईवर तग धरता येणार नाही. २०२२ चा प्लेडेट हा हातात धरून खेळायचा कन्सोल स्वस्त नव्हता, परंतु कडेची फिरवायची दांडी आणि किमतीतच मिळणारे, खास त्याच्यासाठी रचलेले २४ खेळ यांमुळे तो घेण्याला कारण होते. आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओंनी असे यंत्र काढायचे ठरवले, तर आधी खेळ तयार ठेवावेत आणि ते इंटरनेटशिवाय कायम चालतील याची लेखी हमी द्यावी.