बडोदेकरांनो, रोज टिकलेली एक तरी सवय सांगा

धागाकर्ता, दांडिया बाजार

धागा काढायचं कारण माझी वही. आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत, बदली अमरेलीला, तिथून घरी पाठवलेली पत्रं सगळी मोडी लिपीत. आता घरात ती वाचणारं कोणी उरलं नाही. रिटायर झाल्यावर म्हटलं शिकायचंच, आणि सुरुवातीला दोन-दोन तास बसलो, पंधरा दिवसांत वही बंद. वर्षभराने परत काढली तेव्हा एकच ठरवलं, सकाळचा चहा उकळेपर्यंत एक ओळ, बस. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिच्याखाली लटकवत जायची, हात शक्यतो उचलायचा नाही, इकार-उकारात ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे 'दिन' की 'दीन' ते मागचं-पुढचं बघून लावायचं. पहिले दोन महिने तर माझी ती रेघच सरळ येईना. आठव्या महिन्यात एका पत्रातलं वडिलांचं नाव लागलं, त्याच्यापुढे 'ताप उतरला की नाही ते कळविणे'. वडील तेव्हा सहा-सात वर्षांचे असतील. तो कागद हातात घेऊन किती वेळ बसलो होतो ते सांगता येणार नाही.

तर तुम्हीही लिहा. मोठं काही नसलं तरी चालेल, पण रोजचं हवं. सुटलं असेल तर कसं सुटलं तेही लिहा.

रावपुऱ्यातून, वय ६३

काका, पत्राचं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझं आपलं साधं आहे, रात्री जेवल्यावर सूरसागर तलावाला एक फेरी. तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट (HbA1c) ८.४ आली तेव्हा डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि म्हणाले जेवून लगेच सोफ्यावर बसू नका, पंधरा मिनिटं चाला. ती टेस्ट म्हणे फसवता येत नाही, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांचा हिशेब त्यात येतो, आधीचे चार दिवस गोड सोडून काही होत नाही. आधी मी तेच करायचे. आता ७.१ आहे, औषध चालूच आहे, ते सोडू नका कोणी. पण खरं सांगते, मी एकटी असते तर आठवड्यात बंद पडलं असतं. शेजारच्या गुजराती बेन साडेनऊला खालून हाक मारतात, 'चालो', की चपला घालायच्याच.

मांजलपूर

मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) शिफ्टमध्ये आहे, दर आठवड्याला वेळ बदलते, त्यामुळे 'पहाटे पाचला उठा' वगैरे सल्ले आमच्या कामाचे नाहीत. बारा सूर्यनमस्कार धरायचो, नाइट शिफ्ट आली की सुटायचे, मग वाटायचं गेलं सगळं. ते २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना, ती गोष्ट १९६० च्या सुमारास एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्यावरून पसरली, आणि तो पेशंटला नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात असं सांगत होता, सवयीचा संबंधच नाही. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांना घेऊन अभ्यास झाला, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ असा अंदाज. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे की मधला एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. हे वाचल्यावर घड्याळ सोडलं. ड्यूटीवरून आलो, बूट काढले, की लगेच तीन नमस्कार, मग ती सकाळ असो की रात्रीचे बारा. आता आपोआप सहा-सात होतात, कंबर दुखायची ती बरीच कमी आहे.

समा

मुलगी इंग्लिश मीडियममध्ये, खाली खेळायला गुजराती, टीव्हीवर हिंदी, मराठी फक्त माझ्याशी आणि तेही 'मम्मी, मला भूक लागली छे' असं. म्हणून रोज झोपताना दोन पानं मराठी वाचायची. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून पुस्तकं आणतो, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली, तिथली काचेची फरशी बघायलाच पोरगी आधी यायची. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात कमरेएवढं आलं, घरची पुस्तकांची पेटी गेली. फुगून विटेसारखी झालेली पुस्तकं मी स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकली. वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो, लाइट नाही, फोन बंद, मला वाटलं आता कसलं वाचन. तर ती अंधारात म्हणाली, आई, कालची गोष्ट अर्धी राहिली, तू पाठ म्हण. 'मम्मी' नाही, आई. जेवढी आठवली तेवढी सांगितली, बाकी तिने पुरी केली, चिखलातून मगर घरात येते असं काहीतरी, मराठीत!

वाडी

सुटलेल्याचं लिहा म्हणालात म्हणून. दहा वर्षं पहाटे तानपुरा लावून अर्धा तास खर्ज भरायचे, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि त्यांची झोप लागायची तीच पहाटेची वेळ, तेव्हा बंद झालं ते तीन वर्षं. त्याचं मला वाईट वाटत नाही, त्या वेळी तेच करायचं होतं. त्या गेल्यावर पुन्हा बसले तर खालचा सा लागेना, पाच मिनिटांत दम. सध्या रोज दहा मिनिटं फक्त सा धरते. दुसरं काही गात नाही अजून.

मांजलपूर

ताई, दहा मिनिटं पण रोज, हे भारी आहे. आणि काका, मोडीसाठी बोरू लागतो का, का साधं पेन चालतं? आमच्याकडेही एक पेटी आहे.

धागाकर्ता, दांडिया बाजार

साधं पेन चालतं, मी जेल पेनने लिहितो. पेटीतले कागद मात्र आधी सावलीत पसरून ठेवा, घड्या एकदम उघडू नका, घडीवर कागद तुटतो. एखाद्या रविवारी घेऊन या, बसून लावू.