मदत हवी आहे: हिरवा डायलचा फोन नेमका कधीचा?

मंडळी, रविवारी जुन्या बाजारात घासाघीस करून वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचा ‘५००’ मॉडेलचा फोन घेतला. हिरवा! (घरी किंमत निम्मीच सांगितलीय.) रंगीत ५०० हे १९५४ पासूनचे, एवढं ठाऊक आहे. पण तळाच्या पत्र्यावर शिक्का १९५७ चा, डायलच्या मागे १९६१ चा आणि रिसीव्हरच्या आत पुसट काहीतरी. म्हणजे दुरुस्तीत भाग बदललेत ना? मग साल कुठलं धरायचं?

दुसरं, शून्य फिरवलं की चकती सेकंदभरात परत यायला हवी, ही रेंगाळते आणि चारपाशी अडखळते. गव्हर्नरला (चकती परत येण्याचा वेग आवरणारा भाग) तेल घालू की नुसता साफ करू? पुण्यात कुणी हे काम करतं का? पिवळट डागांवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायचा मोह होतोय, पण हिरवा रंगच उडाला तर?